सांगून ने

बिरूनं मेंढ्यांच्या कानातले बिल्ले कापायला सुरुवात केली, तेव्हा दगडाबाईला वाटलं, जखमा चिघळल्या असतील, माश्या बसत असतील, म्हणून काढत असेल. सरकारी डॉक्टरांनी येऊन साऱ्या कळपाला ते पिवळे बिल्ले टोचले होते. प्रत्येकावर लांबलचक नंबर होता. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घालताना तिनं पाहिलं, तर सात-आठ मेंढ्यांचे कान चिरलेले होते आणि रक्त मानेवरच्या लोकरीत सुकून काळं पडलं होतं.

"अवो, हे काय केलं?"

"जोरात बोलू नको," बिरू हळूच म्हणाला. "त्याच्यातून ऐकू जातं."

"कुणाला?"

त्यानं टेकडीवरच्या मोबाईलच्या टॉवरकडं हनुवटी केली आणि तोंडावर बोट ठेवलं.

खुलताबादच्या पलीकडं डोंगराच्या उतारावर धनगरांची पाच-सहा घरं आहेत. त्यातलं एक बिरूचं. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, बोलायला कमी. कुणाची मेंढी अडली की लोक त्याला बोलवायला यायचे, कारण त्याच्या हाताला घाई नव्हती. दगडाबाईला लग्न झाल्यापासून त्यानं कधी हात उगारला नव्हता, आवाजही क्वचितच चढवला होता. सासू मरताना एवढंच म्हणाली होती, की लग्नाआधी एकदा पोरगं महिनाभर बिघडलं होतं, झाडाशी बोलायचं, मग आपोआप नीट झालं. दगडाबाईनं ते मनावर घेतलं नव्हतं. म्हातारी माणसं जाताना काहीबाही बोलतात.

आता ते तिला रोज आठवू लागलं. बिरूची झोप उडाली. तो पहाटेपर्यंत कुंपणाशी उभा राहायचा आणि कुणाला तरी दबक्या आवाजात उत्तरं द्यायचा. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं असेल. दगडाबाईनं त्याला दर्ग्यात नेऊन धागा बांधला, बिरोबाला नारळ फोडला. दोन्हीकडं तो निमूटपणे आला. का, कशाला, असं काहीच विचारलं नाही. बायको चला म्हणाली, तो निघाला.

मग ती सकाळ आली. त्यांची एकुलती एक मुलगी अक्षदा खुलताबादच्या कॉलेजात बारावीला होती. अंगणात बसून ती वेणी घालत होती. बिरू मागून आला. त्याच्या हातात दाढीचं पातं होतं.

"अक्षू, हलू नको. दुखायचं नाय."

तिला आधी कळलंच नाही. त्यानं तिचं कानातलं दोन बोटांत धरलं आणि पातं पाळीला टेकवलं, तेव्हा ती ओरडली. दगडाबाई चुलीपुढून धावत आली आणि तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तो झटापट करत नव्हता, नुसता समजावत होता. "तिला पण लावलाय त्यांनी. तुला दिसत नाय का? पोरीचं सगळं ऐकू ऱ्हायलेत." अक्षदा घरात पळाली आणि तिनं आतून कडी घातली. बिरू बंद दाराकडं बघत राहिला. मग तो उंबऱ्याजवळ बसला आणि कुणाला काही कळायच्या आत त्यानं स्वतःच्याच कानाची पाळी कापली.

तालुक्याच्या दवाखान्यात टाके पडले. तिथल्या डॉक्टरनं दगडाबाईला बाजूला घेतलं. "कान भरेल. पण आजार कानाचा नाही. यांना शहरात मनाच्या डॉक्टरकडं न्या. उशीर करू नका. आज स्वतःचा कान कापला, उद्याचं सांगता येत नाही."

बिरूला तिनं घरी आल्यावर विचारलं, येता का? तो म्हणाला, "मला काय झालंय? ज्यांनी बिल्ले लावले, त्यांना न्या."

दगडाबाईचा थोरला भाऊ रामप्रसाद शहरापलीकडच्या चितेगावच्या एका कंपनीत कामाला होता. ओळखीच्या माणसाची पिकअप गाडी घेऊन तो दुसऱ्या दिवशी आला. बिरू मेंढरांकडं गेला होता. अक्षदा मामाला बिलगून रडली. मग घरातल्या घरात तिघं बोलले.

"खरं सांगून तो यायचा नाय," रामप्रसाद म्हणाला. "धरून बांधून न्यावं, तर अख्खी वस्ती बघंल. काहीतरी निमित्त काढ."

"काय निमित्त काढू, दादा?"

"तो कशासाठी येईल, ते तुला माहीत."

दगडाबाईला माहीत होतं. ती कुंपणात गेली आणि पंधरवड्यापूर्वी जन्मलेलं एक कोकरू उचलून आणलं. काळ्या तोंडाचं, चांगलं टणटणीत. बिरू आला तेव्हा ती ते मांडीवर घेऊन बसली होती.

"याचं पोट फुगलंय. सकाळपासून दूध नाय प्यालं. दादा गाडी घेऊन आलाय, तर शहरातल्या जनावराच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणू."

बिरूनं कोकराकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. "चल," म्हणाला.

गाडीत मागं तो कोकरू मांडीवर घेऊन बसला. दौलताबादचा घाट उतरताना वारा लागू नये म्हणून त्यानं त्याला घोंगडीत गुंडाळलं. वाटभर त्याचा एक हात कोकराच्या पोटाखाली होता. दगडाबाई समोर बसली होती. त्याच्या कानाला पांढरी पट्टी होती. ती रस्त्याकडं बघत राहिली.

शहरात उस्मानपुऱ्याच्या एका आतल्या गल्लीत एका ट्रस्टचं मनोरुग्णालय आहे. दुमजली इमारत, पुढं लोखंडी फाटक, वरच्या खिडक्यांना जाळ्या. रामप्रसादनं फोन करून ठेवला होता. गाडी थांबली तशी तीन माणसं बाहेर आली. बिरूनं पाटी वाचली नाही, त्याला वाचता येत नव्हतं. पण तिथं एकही जनावर नव्हतं, एवढं त्याला दिसलं.

"हे कोकरू धर," तो दगडाबाईला म्हणाला आणि गाडीतून उतरला. कदाचित त्याला विचारायचं होतं, दवाखाना कुठंय म्हणून. माणसांनी त्याचे दोन्ही दंड धरले. त्यानं एकाला झटकलं, दुसऱ्याला कोपर मारलं. मग तो ओरडला, "दगडे! दगडे, हे कोण हायेत?"

तिला पुढं व्हायचं होतं. त्याचा हात धरायचा होता. पण कोकरू धडपडत होतं, सोडलं असतं तर गल्लीत गाड्यांखाली गेलं असतं. ती दोन्ही हातांनी कोकरू आवळून उभी राहिली आणि फाटक लागलं.

तिथल्या डॉक्टर संध्या पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरनं बिरूला वेगवेगळं तपासलं. नंतर डॉक्टर संध्यांनी दगडाबाईला खोलीत बोलावून समोर बसवलं.

"ते स्वतःहून राहायला तयार नाहीत. त्यांच्या मनाविरुद्ध ठेवायचं, तर त्यांच्या वतीनं तुम्हाला अर्ज करावा लागेल. महिनाभरापर्यंत ठेवता येतं. त्याहून जास्त लागलं तर सरकारी मंडळ ठरवतं. त्यांना किंवा तुम्हाला तक्रारही करता येते. हे सगळं त्यांना सांगावं लागतं, मी आत्ता सांगितलंय, थोडे शांत झाले की परत सांगेन."

"बरं हुतील का?"

"झोप लागेल. भास कमी होतील. हा आजार जातो असं मी म्हणणार नाही, पण आवरता येतो. औषधं बरेच दिवस घ्यावी लागतील." मग त्यांनी विचारलं, "त्यांना आणलंत कसं?"

दगडाबाईच्या मांडीवर अजून कोकरू होतं. तिनं सांगितलं. डॉक्टरांनी कोकराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागद पुढं केला. दगडाबाईनं सही केली.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. वॉर्डात बन्सी नावाचा सेवक होता, शहरातलाच, दांडगा पण मऊ बोलणारा. तो खरं तेच सांगायचा. "मावशी, काल इंजेक्शनला चार जण लागले. पण मारलं-बिरलं नाही बरं का. इथं तसं चालत नाही. झोपले मग, खूप झोपले. असं वाटलं, सालभराची झोप बाकी होती."

ती पहिल्यांदा आत गेली तेव्हा बिरूला तिनं ओळखलंच नाही. अंगावर दवाखान्याचे हिरवे कपडे होते आणि डोकं उघडं होतं. लग्नापासून तिनं त्याला रात्रीचा अंधार सोडून मुंडाशाशिवाय पाहिलं नव्हतं. टाळूवर केस विरळ झाले होते, हे तिला आजच कळलं.

"मुंडासं काढून घेतलं?" तिनं बन्सीला विचारलं.

"लांब कापड आत ठेवू देत नाहीत, मावशी. कुणी स्वतःला काही करून घेईल म्हणून. जपून ठेवलंय, जाताना मिळेल."

बिरूनं तिच्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. ती तासभर पलंगाशी उभी राहिली. भाकरी, ठेचा आणि दही आणलं होतं, ते ठेवून परत खुलताबादच्या बसमध्ये बसली. पुढच्या वेळी तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. भाकरी तो खायचा, बन्सी सांगायचा. पण तिच्यासमोर नाही.

एके दुपारी ती आली तेव्हा तो खिडकीपाशी बसला होता. चेहरा भरला होता, डोळे जागेवर आले होते, हात मात्र बारीक कापत होते. तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं, "ते कोकरू कुठंय?"

"घरी हाये."

"काय झालं होतं त्याला?"

"काय नाय."

"मला ठाव होतं," बिरू म्हणाला. औषधानं त्याची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत होते. "गाडीत बसल्याबरोबर त्याच्या पोटाला हात लावला मी. मऊ होतं. घाटात त्यानं माझं बोट चोखलं. भुकेलं होतं, आजारी नव्हतं. तरी म्हणलं, ही म्हणती तर आसंल काही. मला कळत नसंल. तव्हा मला साऱ्यांचा संशय यायचा. रामप्रसादचा, अक्षूचा, मेंढरांचासुदिक. तुझा येत नव्हता."

तिनं पदर तोंडात धरला. त्यानं तिला रडू दिलं. समजूत काढली नाही आणि रागावलाही नाही.

महिना भरायच्या आत डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं. औषधाची पाकिटं कशी द्यायची, ते दगडाबाईला दोनदा सांगितलं. फाटकाबाहेर आल्यावर बिरूनं मुंडासं बांधलं. हात कापत असल्यानं वेळ लागला. रामप्रसाद गाडीत थांबला होता. बिरू गाडीत बसला नाही.

"एक शब्द दे मला," तो दगडाबाईला म्हणाला.

"कोणता?"

"परत तसं झालं, तर मला सांगून ने. मी नाय म्हणंल. शिव्या दीन. तुला नाय नाय ते बोलंल. तरी तोंडावर सांग, की दवाखान्यात न्यायचंय. मग बांधून ने, काय बी कर. पर खोटं बोलून नेऊ नको."

"देते," ती म्हणाली. "सांगून नेईन."

घरी पहिल्या दिवशी तो कुंपणात गेला आणि एकेक मेंढी धरून तिचा कान बघत राहिला. बऱ्याच कानांना आता भेगा होत्या. संध्याकाळी तो जेवला नाही. अक्षदा घरी नव्हती. त्या सकाळनंतर ती मामाकडं चितेगावला राहायला गेली होती, तिथूनच कॉलेजला बसनं यायची. दगडाबाई तिला आणायला गेली, तर ती म्हणाली, "आई, मला आबांची कीव येते. पण भीती पण वाटते. पाठीमागं कुणी उभं राहिलं तरी मी दचकते. मला नको बोलवू एवढ्यात."

दगडाबाईनं हे बिरूला सांगितलं. लपवलं नाही. "बरोबर हाये तिचं," तो म्हणाला.

वर्षभर बरं चाललं. वस्तीतले लोक आधी लांब राहायचे, मग हळूहळू बोलू लागले. शेजारचा कडूबा त्याच्यासोबत मेंढरं चारायला जाऊ लागला. पण आता अडलेल्या मेंढीसाठी कुणी बोलवायला येत नव्हतं. हात कापायचे, लोकरीची कातर धरता येत नव्हती. दुपारी झाडाखाली बसलं की डोळे मिटायचे. एकदा असाच डोळा लागला आणि मोकाट कुत्र्यांनी दोन मेंढ्या फाडल्या. त्यानंतर तो गोळी तोंडात ठेवायचा आणि दगडाबाईची पाठ वळली की थुंकायचा. डॉक्टरांना सांगितलं असतं, तर त्यांनी औषध बदललं असतं. त्यानं सांगितलं नाही. गोळी थुंकल्यावर हात कापायचे थांबले होते, एवढंच त्याला हवं होतं.

दगडाबाईला कळायला उशीर झाला. आधी त्याची झोप गेली. मग तिचा मोबाईल कडब्याच्या गंजीत पुरलेला सापडला. मग एके दिवशी तिनं पाहिलं, तिनं थापलेल्या भाकरीचा तुकडा तो आधी कुत्र्याला घालत होता आणि कुत्रं मरतं का, ते बघत होता. मागच्या आजारात असं झालं नव्हतं. मागच्या आजारात तिच्या हातची भाकरी तो खात होता.

ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तुमाला परत तसं व्हायलंय. दवाखान्यात जावं लागंल."

बिरू हसला. ते हसू तिला नवीन होतं. "यावेळी कोकरू कोणतं घ्यायचं?"

"कोणतंच नाय. मी तोंडावर सांगते हाये."

"मी नाय येत."

"बरं. मी उद्या परत विचारीन."

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. त्यानं शिव्या दिल्या, काठी आपटली. म्हणाला, तूच बिल्ला लावून घेतलायस, म्हणून त्यांच्याकडं न्यायची घाई. तिनं बिरूच्या नजरेआड कडूबाच्या फोनवरून भावाला फोन केला.

रामप्रसाद म्हणाला, "उगं कशाला जिवाशी खेळतीस? सांग त्याला, अक्षदाला ताप आलाय, बघायला जाऊ. बसंल गाडीत."

"नाय दादा. मी शब्द दिलाय."

"आगं, येड्या माणसाला दिलेला शब्द कुणी धरतं का?"

"त्यानं मागितला तव्हा तो येडा नव्हता," दगडाबाई म्हणाली.

रामप्रसाद चिडून काहीबाही बोलला, पण फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाला, "मग तुझं तू बघ. मी येतो, पण बोलायचं तू." तिनं डॉक्टर संध्यांना फोन लावला. भाकरी कुत्र्याला घालतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, आता थांबायला नको. दवाखान्याची गाडी आणि बन्सीला पाठवायचं ठरलं.

संध्याकाळी बिरू अंगणात होता. दगडाबाईनं हातातली घागर खाली ठेवली आणि सांगितलं, "उद्या गाडी येणार हाये दवाखान्याची. मी बोलावलीय. तुमाला घेऊन जाणार हायेत."

तो रातोरात निघून गेला असता, दरीत उतरला असता, काहीही करू शकला असता. सांगण्यातला धोका तिला कळत होता. ती दाराशी अंथरूण टाकून पडली, पण डोळ्याला डोळा लागला नाही. तो गेला नाही. उजाडल्यावर मात्र मेंढरं सोडून टेकडीच्या उतारावर निघाला. ती मागोमाग गेली. त्यानं दगड उचलून फेकला, तिच्या अंगावर नाही, पुढ्यात. ती थांबली. तो चालला की ती चालायची. ऊन चढेपर्यंत दोघं तसेच, मध्ये मेंढरं.

खाली रस्त्यावर पांढरी गाडी दिसली. बन्सी, अजून दोघं आणि रामप्रसाद उतरून वर येऊ लागले.

"आले बघा," दगडाबाई म्हणाली.

बिरूनं खाली बघितलं. मग तिच्याकडं. "तू बोलावलं?"

"मी बोलावलं."

"तू?"

"व्हय. मीच."

तो मटकन खाली बसला. तिला क्षणभर वाटलं, आता येईल. पण बन्सी जवळ आला तसा तो उसळला. झटापट झाली, तो बन्सीच्या हाताला चावला, रामप्रसादचा शर्ट फाटला. खरं सांगितलं म्हणून काही सोपं झालं नाही. चौघांनी त्याला उचलून खाली नेलं आणि वस्तीतल्या सगळ्या माणसांनी ते दारात उभं राहून बघितलं. कडूबा मेंढरांना वळवायला धावला.

या वेळी दगडाबाईचे हात मोकळे होते. गाडीत ती त्याच्याजवळ बसली आणि त्याचा हात धरला. त्यानं तो हिसडला, तिनं परत धरला. दौलताबादपर्यंत तो तिला, तिच्या माहेरला, तिच्या मेलेल्या आईबापाला शिव्या देत होता. ती ऐकत होती. शहरात मिल कॉर्नरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा त्याचा आवाज बसला आणि तो गप्प झाला. पण हात काढून घेतला नाही.

फाटकापाशी गाडी थांबली. बन्सीनं दार उघडलं. बिरू उतरला, पण पायरी चढेना. बन्सीनं दुसऱ्यांना खूण केली, थांबा म्हणून. बिरूनं दोन्ही हात डोक्याकडं नेले आणि सावकाश आपलं मुंडासं सोडवलं. लांबच लांब तांबडं कापड, त्याची घडीसुद्धा घातली नाही, तसंच दगडाबाईच्या ओंजळीत कोंबलं.

"तू ठेव. त्यांच्याकडं देऊ नको."

मग तो उघड्या डोक्यानं आत गेला.

डॉक्टर संध्यांनी या वेळी औषध बदललं. हातांची तक्रार त्यानं स्वतः सांगितली, बऱ्याच दिवसांनी. दगडाबाई पहिल्या भेटीला गेली तेव्हा मनाची तयारी करूनच गेली होती, की तो भिंतीकडं तोंड करेल. तो पलंगावर पडलेला होता, डोळे अर्धवट मिटलेले. तिची चाहूल लागली, तशी त्यानं मान इकडं वळवली.

"मेंढरं पाजली का?"

"कडूबानं पाजली."

"वरच्या हौदावर नको म्हणावं. तिथं शेवाळ झालंय."

"सांगते."

एवढं बोलून तो पलंगाच्या कडेला सरकला. ती मोकळ्या जागेवर बसली.

तिनं चितेगावला जाऊन अक्षदाला सगळं सांगितलं. दगड, चावा, शिव्या, सगळं. अक्षदा ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आदल्या दिवशीच सांगितलंस तू त्यांना? आणि ते रात्रभर घरात राहिले?"

"व्हय."

पुढच्या खेपेला दगडाबाई बसमधून उतरली, तेव्हा अक्षदा उस्मानपुऱ्याच्या चौकात बसस्टॉपजवळ उभी होती. दोघी गल्लीत शिरल्या.

वॉर्डात शिरल्यावर अक्षदा दारातच थांबली. बिरू खिडकीपाशी होता. त्यानं तिला पाहिलं. दीड वर्षात ती उंच झाली होती. तो उठला नाही, पुढं आला नाही. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून, आणि तसेच ठेवले.

"अक्षू," तो म्हणाला. "तू तिथंच बस. तिथं स्टूल हाये दाराजवळ."

अक्षदानं स्टूल ओढलं. बसली. बन्सी कोपऱ्यात एका म्हाताऱ्याला पाणी पाजत होता. हाताला अजून चाव्याचा वण होता.

"कॉलेजचं कसं चाललंय?" बिरूनं विचारलं.

"बरं चाललंय, आबा." तिचा आवाज चिरकला. मग नीट झाला. "प्रॅक्टिकल झालं माझं काल."

"म्हंजी काय करायचं असतं?"

ती सांगू लागली. आधी थोडक्यात, मग जरा सविस्तर. त्याला त्यातलं फार कळत नव्हतं, पण तो मध्ये मध्ये विचारत होता. दगडाबाई पलंगावर बसून डबा सोडत होती. भाकरीचे तीन वाटे करताना तिनं पाहिलं, अक्षदा स्टुलावर थोडी पुढं वाकून बोलत होती. स्टूल मात्र तिनं दारापासून हलवलं नव्हतं.